पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र: आमची समुद्राची वाट आधी उघडा

माननीय पर्यटनमंत्री,
मॉरिशस सरकार, पोर्ट लुई यांस,

सादर नमस्कार.

गेल्या गणपती विसर्जनाला आमच्या कुटुंबाला समुद्रापर्यंत जाऊ दिले गेले नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. याची फ्रेंच प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे. मराठीत वेगळे लिहिले, कारण लग्नानंतर आमच्या बेटावर फिरायला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या जोडप्यांना निळ्या पाण्याचे जे फोटो दाखवले जातात, त्या पाण्यापाशी इथल्या मराठी माणसाला काय ऐकून घ्यावे लागते, हे त्यांनाही कळावे.

पश्चिम किनाऱ्यावर सुरूच्या झाडांमधून समुद्राकडे जाणारी एक पायवाट होती. आमच्या आजोबांच्या वेळेपासून आमचा गणपती त्याच वाटेने जायचा. शेजारच्या हॉटेलने काही वर्षांपूर्वी वाढीव बांधकाम काढले तेव्हा गावात बैठक झाली. हॉटेलच्या लोकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की वाट कायम राहील, फलक लागेल, संध्याकाळी दिवाही असेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. आज तिथे फलक नाही, दिवा नाही, लोखंडी फाटक आहे.

गणपती माझ्या भाच्याच्या डोक्यावर होता, पाटावर. पुढे ढोलकी आणि झांजा, मागे बायका-मुले. बाबा आता पंचाऐंशीच्या घरात आहेत, काठी टेकत सगळ्यात पुढे चालत होते. फाटकावरचा सुरक्षारक्षक जवळच्याच गावातला, कोवळा पोरगा. क्रिओल या इथल्या बोलीत म्हणाला, आत फक्त हॉटेलचे पाहुणे. बोलताना त्याला बाबांकडे बघवत नव्हते. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला नोकरी टिकवायची आहे. मग व्यवस्थापक आले. सार्वजनिक किनाऱ्यावर जा, म्हणाले, तिथे गाड्या लावायलाही जागा आहे. बाबा उन्हात उभे, देव डोक्यावर, आणि पलीकडे आरामखुर्च्यांवरून दोघे-तिघे पाहुणे मोबाईलने आमचे चित्रण करत होते. आम्हाला कुणी विचारलेही नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी मी कदाचित गिळले असते. पण व्यवस्थापकांनी माझ्या भाचीला ओळखले. ती आमच्या गावच्या झाकरीच्या पथकात नाचते. कोकणातली जाखडी, जी आमचे पूर्वज जहाजातून इकडे घेऊन आले, ती या हॉटेलात दर आठवड्याला ‘सांस्कृतिक संध्याकाळ’ म्हणून पाहुण्यांना दाखवतात. पथक स्वयंपाकघराच्या दाराने आत जाते आणि त्याच दाराने बाहेर येते. ते तिला हसून म्हणाले, शुक्रवारी नेहमीप्रमाणे या, वेळेवर. ज्या देवापुढे ती झाकरी नाचायची, तो देव त्या क्षणी त्यांच्या फाटकाबाहेर थांबवलेला होता. ती पोर घरी येऊन रडली. आता ती नाचायला जाणार नाही म्हणते, आणि तेवढे पैसे कमी पडले की तिच्या शिकवणीची फी कुठून भरायची हा प्रश्न माझ्या भावाला पडला आहे.

आम्ही दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. तिथे माणसांची आणि बसची इतकी गर्दी, की बाबांना पाण्यापर्यंत नेताच आले नाही. आयुष्यभर जो माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मूर्ती सोडत आला, त्याने यंदा रस्त्याच्या कडेला गाडीत बसून विसर्जन पाहिले. आणि हेही सांगते, की बाबा गवंडी होते. या किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या काळ्या दगडाच्या किती भिंती त्यांच्या हातच्या आहेत. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी विचारले तर म्हणाले, भूक नाही. साठी ओलांडलेली मी, आयुष्यभर शाळेत मुलांना ‘हा देश आपला आहे’ असे शिकवले, आणि स्वतःच्या बापाला दोन घास खायला लावण्यासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता.

आता कायद्याचे बोलू. मंत्रीमहोदय, समुद्रालगतची पट्टी, जिला आपण सगळे पा जेओमेत्रिक म्हणतो, ती सरकारी जमीन आहे. 1895 चा कायदा आहे त्यासाठी. भरतीच्या रेषेपासून आत किमान 81.21 मीटर. ही जमीन विकता येत नाही, फक्त भाडेपट्ट्याने देता येते. म्हणजे बहुतेक किनाऱ्यावर हॉटेलवाले जमिनीचे मालक नाहीत, आमचे भाडेकरू आहेत. भरतीच्या रेषेखालची वाळू तर कुणाच्याच पट्ट्यात नाही. ती सार्वजनिक आहे, तिथून चालत जायचा हक्क प्रत्येकाचा आहे. भाडेकरूने घरमालकाला उंबऱ्यावर अडवावे आणि घरमालकाच्या नोकराने, म्हणजे सरकारने, गप्प बसावे, असा हा प्रकार आहे. मी तक्रार घेऊन एका कार्यालयात गेले. त्यांनी दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्यांनी तिसऱ्याकडे. तिसऱ्या ठिकाणी विचारले, तुमच्याकडे त्या पायवाटेचा नकाशा आहे का? नकाशा मी ठेवायचा? मग सरकार काय ठेवते?

सरकार आकडे ठेवते. 1968 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला जेमतेम पंधरा-सोळा हजार पर्यटक येत. 2019 मध्ये 13 लाख 83 हजार आले. करोनाने विमानतळ बंद पाडला, पुन्हा उघडला, आणि 2024 मध्ये तुम्ही 13 लाख 82 हजारांवर पोहोचलात. आमची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे वर्षभरात देशातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त. एकेकाळी तर 2015 पर्यंत 20 लाख पर्यटक आणायचे लक्ष्य ठेवले होते. कुणीतरी एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते का, की 20 लाख माणसे या एवढ्याशा बेटावर झोपतील कुठे, त्यांचे सांडपाणी जाईल कुठे, आणि त्यांना जागा करून देताना इथली माणसे सरकतील कुठे?

2019 मध्ये पर्यटनातून मॉरिशसचे 63 अब्ज रुपये आले म्हणतात. आले असतील. 2024 च्या सुरुवातीला किमान वेतन महिन्याला 16,500 रुपये केले, तेही टाळ्या घेत. पंचतारांकित हॉटेलातल्या एका रात्रीचे भाडे अनेकदा त्याहून जास्त असते. खोली झाडणाऱ्या बाईचा महिना आणि त्या खोलीत झोपणाऱ्याची रात्र एकाच किमतीची. या हिशेबाला तुम्ही विकास म्हणता, आणि आमची मुले क्रूझ जहाजांवर नाहीतर कॅनडात निघून गेली की ‘हॉटेलांना माणसे मिळत नाहीत’ म्हणून परदेशी कामगार आणण्याचे परवाने देता. ते नेपाळी, बांगलादेशी, मादागास्करचे तरुणही बिचारे घर सोडूनच येतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचेही पूर्वज असेच कंत्राटावर आले होते, पोर्ट लुई बंदरातल्या ज्या आप्रवासी घाटाला आता जागतिक वारसा म्हणून तुम्ही माहितीपत्रकात छापता, त्याच पायऱ्या चढून.

1 ऑक्टोबर 2025 पासून तुम्ही पर्यटकांकडून माणशी दर रात्री 3 युरो घ्यायला लागलात. मी त्याच्या विरोधात नाही, घ्या. पण त्यातला एक युरो तरी एखाद्या पायवाटेवर, तिच्या दिव्यावर, एखाद्या फलकावर खर्च होणार आहे का, ते सांगा.

आणि किनारा आमचा आहे की नाही हे तुम्हाला केव्हा आठवते, तेही माहीत आहे. 25 जुलै 2020 ला वाकाशियो नावाचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्वांत देस्नीसमोरच्या प्रवाळावर चढले. ते दिवसेंदिवस तिथे उभे होते आणि सरकार बघत होते. मग सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. जवळच्या माएबूरच्या लोकांनी उसाचा पाला कापडात भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले, तेल शोषायला बायकांनी केस कापून दिले, कोळ्यांनी होड्या घातल्या. सरकारने पत्रक काढले, लोकांनी लांब राहावे. लोक राहिले नाहीत, म्हणून थोडेतरी वाचले. मीही माझ्या वाक्वा शहराहून बसने गेले होते, हातमोजे घालून पाला भरला, ओकारी येईल असा वास होता. त्या दिवशी फाटकावर मला कुणी अडवले नाही. त्या दिवशी व्यवस्थापक आले नाहीत सांगायला की हा फक्त पाहुण्यांचा समुद्र आहे.

पोम्पोनेतचा किनारा आठवतो ना? लोकांचा किनारा. गरीब घरांची सहल तिथे व्हायची, सुरूखाली बिर्याणीची देगची, कडेला रावान डफाचा ठेका. कागदावर त्याचा ‘सार्वजनिक’ हा दर्जा काढून घेतला आणि हॉटेलसाठी पट्टा दिला. ‘आरेत कोकें नू लाप्लाझ’, म्हणजे ‘आमचे किनारे चोरणे थांबवा’, या चळवळीचे लोक रस्त्यावर उतरले, पत्रे ठोकून बंद केलेल्या जागेसमोर उभे राहिले, म्हणून तो प्रश्न देशाला कळला. किती किनारे असे असतील जिथे कुणी उभेच राहिले नाही? आमची वाट त्यातलीच. कुंपण एका रात्रीत घालतात, आणि ते हटवायला लोकांची वर्षे जातात.

त्यात आता बंगले. 2002 पासून परदेशी माणसाला इथे आलिशान घर विकत घेण्याच्या योजना सुरू झाल्या, नावे बदलत गेली, काम तेच. पावणेचार लाख डॉलरचे घर घ्या आणि राहण्याचा परवाना मिळवा. आमच्या साखरेला युरोपात मिळणारा ठरीव भाव 2009 मध्ये बंद झाला. तेव्हापासून ज्यांच्याकडे उसाची शेकडो एकर जमीन होती त्यांनी साखरेऐवजी बंगले पिकवायला घेतले. जमीन त्याच घराण्यांची, पीक बदलले. आमच्या पूर्वजांनी त्या जमिनीतले दगड हातांनी वेचून ढीग लावले, ते ढीग अजूनही शेतांत दिसतात. त्यांची पतवंडे आज वाक्वात दोन खोल्यांचे घर घ्यायला पंचवीस वर्षांचे कर्ज काढतात. गुलामी संपली, कंत्राट संपले, इंग्रज गेले, आणि जमीन मात्र हलली नाही. एकाही सरकारने तिला हात लावायचे धाडस केले नाही. लाल झेंड्याच्या पक्षाचे सरकार आले, नारिंगी झेंड्याच्या पक्षाचे आले, हॉटेलांच्या उद्घाटनाच्या फिती कापणारे हात तेवढे बदलले.

नोव्हेंबर 2024 मध्ये या देशाने तुमच्या आघाडीला मॉरिशस बेटावरच्या 60 च्या 60 जागा दिल्या. मीही मत दिले. बाबांना खुर्चीवर बसवून मतदान केंद्रात नेले. विरोधकांनी अडवले, बहुमत नव्हते, असे सांगायला तुम्हाला जागाच ठेवली नाही आम्ही. तरी आज मला माझ्या बापाला त्याच्या समुद्रात नेण्यासाठी अर्ज करावा लागतो. मग मत कशाला दिले? हे मी तुमच्या पक्षाच्या कार्यकर्त्यालाही विचारले. तो म्हणाला, ताई, पर्यटन म्हणजे देशाचे पोट आहे. असेल. पण पोट भरणाऱ्या ताटाला देशातल्याच माणसाने हात लावायचा नाही, हे कुठल्या घरात चालते?

मला नुकसानभरपाई नको. व्यवस्थापकांची माफीही नको, ती पाठ करून म्हणता येते. मला हे हवे आहे: पा जेओमेत्रिकवरचे सगळे भाडेपट्टे, कुणाला दिले, किती रुंदीचे, किती वर्षांचे, काय भाड्याने, हे नकाशासह जाहीर करा. नुसते संकेतस्थळावर नव्हे, प्रत्येक ग्रामपरिषदेच्या भिंतीवर. प्रत्येक हॉटेलशेजारी समुद्राकडे जाणारी वाट मोजून आखा, तिच्यावर सरकारी फलक लावा, आणि ती बंद करणाऱ्याचा पट्टा रद्द होईल असे करारात लिहा. दंड नको, दंड ते एका रात्रीच्या भाड्यातून भरतील. पोलिसांना लेखी सूचना द्या, म्हणजे सणाच्या दिवशी माणूस तक्रार घेऊन गेला तर त्याला सोमवारी या म्हणणार नाहीत. आणि गावकऱ्यांसमोर हॉटेलवाले जो शब्द देतात तो इतिवृत्तात नोंदवून परवान्याची अट बनवा. आमच्या बैठकीचे इतिवृत्त मी मागितले आहे, अजून मिळालेले नाही.

उत्तर लेखी द्या, सहीनिशी. फोनवर ‘बघतो’ म्हणणाऱ्यांशी बोलून मी थकले आहे. आणि पुढच्या गणपतीच्या आत द्या, कारण बाबांचे वय तुमच्या समितीच्या अहवालासाठी थांबणारे नाही.

कळावे,
वाक्वातील एक निवृत्त मराठी शिक्षिका