कंपनी विकायच्या दोन वर्षं आधी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

"आई, अजून दोन वर्षं तरी विकायचं नाही, मग आत्तापासून कशाला?" असं फोनवर म्हणालीस. अगं, तेवढा वेळ लागतोच म्हणून. खरेदीदार दारात आला की दोन-तीन महिन्यांत सगळे कागद मागतो. एवढ्यात वर्षानुवर्षांचा गबाळेपणा निस्तरत नाही, मग तो भाव पाडतो.

आधी पदरात काय पडेल ते मोज. समज, गुंतवणूकदारांनी १,२०० कोटी घातलेत, त्यांचा हिस्सा ५० टक्के. तुम्हा संस्थापकांचा ३० आणि ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअरचा, २०. गुंतवणुकीच्या मागच्या फेरीत मूल्यांकन ४,००० कोटी होतं, पण सौदा ठरला २,००० कोटींना. लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणजे विक्रीच्या पैशातून गुंतवणूकदारांनी आधी आपले पैसे काढून घ्यायचा हक्क. तो एकपट आणि 'नॉन-पार्टिसिपेटिंग' (घातलेले पैसे किंवा हिश्श्याचा वाटा, दोन्हींपैकी एकच) असेल तर ते निम्मे १,००० घेण्याऐवजी १,२०० उचलतील. उरलेल्या ८०० मधून तुम्हाला ४८०. तोच 'पार्टिसिपेटिंग' असेल तर १,२०० घेऊन वर उरलेल्याचे निम्मे, म्हणजे आणखी ४००. मग तुमच्या वाट्याला २४०. एका शब्दाने रक्कम निम्मी होते! मूल्यांकनाचा आकडा पेपरात छापायला बरा, एवढंच.

त्यामुळे पुढची फेरी घेशील तेव्हा हा शब्द काढून घे. सौद्याच्या टेबलावर तो कुणी सोडत नाही.

दुसरं, कोड कुणाच्या मालकीचा आहे? नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, करारात उलट काही नसेल तर, कंपनीचा. पण सुरुवातीला फ्रीलान्सरकडून जे लिहून घेतलंत, ते पैसे दिले म्हणून तुमचं होत नाही. लेखी हस्तांतरण लागतं. तिथेही मेख आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या एकपानी करारावर तुमचं मुख्य इंजिन उभं असेल, तर हक्क कदाचित त्या पोराकडे परत गेलाय. त्याला आत्ताच गाठ आणि कायमस्वरूपी, जगभरासाठीचा नवा करार करून घे, योग्य स्टॅम्पवर. सौद्याची बातमी फुटल्यावर तोच माणूस सहीची किंमत सांगेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

परदेशी पैसा आलाय, तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांना शेअर दिल्याचा एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म प्रत्येक वेळी ३० दिवसांत भरला होता का, ते सीएसकडून (कंपनी सेक्रेटरीकडून) एकेक तारीख लावून तपासून घे. उशीर असेल तर विलंब शुल्क भरून आत्ताच मिटव. बरं झालं, मूळ कंपनी तुम्ही सिंगापूरला नेली नाहीत. फोनपेने २०२२ मध्ये घर सिंगापूरहून भारतात हलवलं, तेव्हा त्यांच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटींचा कर बसला.

ईसॉपच्या मुलांना कर नीट समजावून सांग. शेअर घेताना बाजारभाव आणि त्यांनी दिलेली किंमत यातला फरक पगारात धरतात, त्यावर स्लॅबप्रमाणे कर. पुढे २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर त्यानंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के, अधिभार वेगळा. सौद्याच्या दिवशीच ऑप्शन (ठरल्या किमतीला शेअर घ्यायचा हक्क) रोखीत वटवले तर सगळंच पगार.

सौदा २,००० कोटींच्या वर गेला आणि तुमचा बराचसा धंदा भारतात असला, तर सप्टेंबर २०२४ पासून स्पर्धा आयोगाची परवानगी आधी लागते. ती मिळेपर्यंत जितके महिने जातील, तेवढ्यांचा पगार आणि सर्व्हरचा खर्च बँकेत हवा. खिसा रिकामा झालेला विक्रेता कुठल्याही अटीला मान डोलावतो.

किमतीचा काही भाग एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात, अडकेल, त्याला इलाज नाही. मुदत तेवढी कमी करून घे. अर्न-आउट, म्हणजे सौद्यानंतर लक्ष्य गाठलं तरच मिळणारी किंमत, आलाच तर तो धंद्याच्या उलाढालीशी बांध, नफ्याशी नको. नफ्याशी बांधलास की नवा मालक स्वतःच्या मुख्यालयाचा खर्च तुमच्या खात्यावर टाकतो आणि लक्ष्य कागदावरच राहतं.

आयपीओबद्दल वेगळं लिहीन. तूर्त एवढंच की गुंतवणूकदारांचे प्राधान्य शेअर (ज्यांना हा आधी पैसे काढायचा हक्क असतो) आधी साध्या शेअरमध्ये बदलावे लागतात, म्हणजे वरचं पार्टिसिपेटिंगचं दुखणं त्या वाटेवर आपोआप संपतं.

शेअरहोल्डर करार पाठव. मुख्य मजकूरच नको, शेवटची परिशिष्टंही पाठव. प्राधान्य शेअरच्या अटी बहुतेकदा तिथेच असतात.

तुझी,
आई