कंत्राटी फायरमनच्या घरचा किराणा

महोदय,

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले, त्यांना मानवंदना दिली जाते. ती द्यायलाच हवी. पण मानवंदनेला उभ्या असलेल्या कंत्राटी फायरमनच्या घरात महिन्याचा किराणा भरला आहे का, हेही कोणीतरी विचारावे.

माझे पती एका नगरपरिषदेकडे कंत्राटी फायरमन आहेत. नगरपरिषदेकडून बिल निघेपर्यंत कंत्राटदार पगार करत नाही, त्यात दोन-तीन महिने सहज जातात. रेशनचा गहू-तांदूळ मिळतो. तेल, डाळ, दूध, गॅसचे काय? उधारी थकली की दुकानदाराचाही नाइलाज होतो. मग हे ‘अग्निशमन केंद्रावर खाऊन आलो’ म्हणतात आणि आपल्या वाटचे मुलांना वाढायला सांगतात. केंद्रावर जेवणाची सोयच नाही, हे मला ठाऊक आहे. नेलेला डबाही आगीची वर्दी आली की तसाच राहतो. जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गाठी रात्रभर धुमसतात, तेव्हा कुणी वडापाव आणून दिला तरच पोटात काही जाते.

आमच्यासारख्या गावांत विहिरीतले मृतदेहही यांनाच काढावे लागतात. एकदा लहान मुलाला बाहेर काढून आले, त्यानंतर कित्येक रात्री ते जागेच होते. चिडचिड, अबोला, छातीत धडधड. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मीच त्यांना दिला. सोय चांगली आहे, ज्याला गरज आहे त्याने फोन करावाच. पण ज्याला पाण्यात उतरतानाही देणेकऱ्यांची धास्ती असते आणि वर आल्यावर पोटभर जेवण नसते, त्याचे मन नुसत्या समुपदेशनाने कसे सावरेल? उपाशी माणसाला झोप लागत नाही. न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा धुरात शिरतो, हे त्याच्याच नव्हे तर सगळ्या गावाच्या जिवाशी खेळणे आहे.

कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने, म्हणजे इथे नगरपरिषदेने, द्यावे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच झाली. नगरपरिषदांनी बिलाची वाट न पाहता दर महिन्याला ठरल्या तारखेला पगार द्यावा. लांबलेल्या वर्दीवर जेवण पोहोचवण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नेमून द्यावी. आणि मृतदेह काढणाऱ्या जवानांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञाकडे भरपगारी सुटी देऊन पाठवावे.

– एका कंत्राटी फायरमनची पत्नी, यवतमाळ जिल्हा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)