घोगरेंवरची फिल्म अन आपले मामा

प्रिय दोस्ता,

जय भीम. फोनवर सांगितलं असतं पण तू मधेच हसवतोस अन मूळ गोष्ट राहून जाते, म्हणून लिहायलोय. माझी शुगर आहे तशीच, आईचे गुडघे तसेच, बाकी बरं.

परवा आपल्या विहारात पोरांनी आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' दाखवली, शाहीर विलास घोगरेंवरची. नामविस्तार दिनाला विद्यापीठ गेटवर गेलती, तिथनंच डोक्यात घेऊन आली. भिंतीवर चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, जयंतीचा साऊंडबॉक्स. मला वाटलं एवढी तीन तासांची फिल्म, निम्मे लोक उठून जातील, पण कुणी हललं नाही रे. विलास घोगरेंचा आवाज लागला, तोच पटवर्धनांच्या जुन्या 'हमारा शहर' फिल्ममधला, १९८५ चा, मजुराची कहाणी सांगणारा, अन मागं चुलीच्या गप्पा मारणाऱ्या बाया एकदम गप.

पुढं मुंबईचं रमाबाई नगर आलं. ११ जुलै १९९७, बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, लोक रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, दहा माणसं गेली. अन चार दिवसांनी घोगरेंनी जीव दिला, डोक्याला निळं फडकं बांधून. हॉस्टेलवर ती बातमी आली तेव्हा तू जेवला नव्हतास अन मी तुझं ताट झाकून ठेवलं होतं, ते सगळं पुन्हा वर आलं. शेजारी तू पाहिजे होतास.

फिल्म संपली अन जे भांडण लागलं! एक पोरगा म्हणे, शाहिरावरची फिल्म म्हणून बोलावलं अन निम्मं तर मोर्चे, कोर्ट अन भाषणं. गुरुजी उठले, म्हणले, घोगरे आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायले तर निळ्या फडक्यावरून त्यांना आपलं म्हणता येतं का? त्यावर म्हातारे खवळले, आपलाच होता, आपल्यासाठी गेला. एक बाई एवढंच म्हणली, घरच्यांनी नंतर कसं काढलं असंल. मला तिचं पटलं. पोराचं नाही पटलं, पटवर्धनांनी चौदा वर्षं शूटिंग केलंय, तो गोळीबार अन त्यानंतरची केस वगळून घोगरे सांगायचे कसे? पण एक गोष्ट मला झोपू देईना. लाल का निळा यावर रात्री एक वाजेपर्यंत बोलले, अन ते गाणं परत लावा असं कुणीच म्हणलं नाही.

अन आता खरी काळजी. त्यातल्याच एका पोराला मामांवर, ज्यांच्या मागं आपण कोरस धरायचो त्यांच्यावर, फिल्म करायचीय. मोबाईलवर का होईना, पोरगा चांगलाय, मनापासून करायलाय. पण माझ्याकडं आला अन पहिला प्रश्न काय, तर मामा शेवटी पीत होते का? दुसरा, गायनपार्टी का फुटली? अरे, या माणसानं लग्नात, जयंतीत, सोयाबीनच्या खळ्यावर बसून गाणी रचली, वामनदादा कर्डकांचं गाणं संपलं की लगेच स्वतःचं जोडायचे, ते कुणी विचारायचं? वह्या त्यांच्या पोराकडं पत्र्याच्या पेटीत आहेत, दोन तर ओल धरून चिकटल्यात. अन वहीत नुसते शब्द आहेत, चाल कुठाय? कोरसमधले आता तू अन मी, बाकी ढोलकीवाला गेला, पेटीवाल्याला नीट ऐकू येत नाही. आपण दोघं गेल्यावर ती गाणी कविता होऊन बसतील, मामांना तर कवितेचा भयंकर राग!

तिसऱ्या अंतऱ्याचं भांडण अजून मिटलेलं नाही हे लक्षात ठेव. तिथं आवाज वर जातो असं तू म्हणतोस, मी म्हणतो मामा खालीच ठेवायचे अन वर फक्त तू जायचास, खंजिरी हातात आली की तुला भान राहायचं नाही. वैनीसमोर हे पुन्हा सांगणारे मी.

ती लोहगावच्या कार्यक्रमाची कॅसेट तुझ्याकडंच आहे. फेकली असशील तर सांगू नको, आधी माळ्यावर बघ. पुण्यात कॅसेटवरनं मोबाईलमध्ये करून देणारं कुणी सापडंल. तुझ्या पोरीचं बारावीचं कसं चाललंय, तुझं नाइट शिफ्टचं संपलं का, तेही कळव.

मी त्या पोराला थांबवलंय. म्हणलं, आधी आम्ही दोघं बसून सगळी गाणी पूर्ण म्हणतो, ती रेकॉर्ड कर, मग पिण्याचं काय विचारायचं ते विचार. तो तयार आहे. तू शनिवारच्या गाडीनं निघ, पेटीवाल्याकडं जाऊन मी सांगून ठेवतो.

तुझाच,
कोरसमधला