कऱ्हाडातला 'ऱ' आणि तुमचा एक प्रश्न

प्रिय ताई,

पायकॉन इंडियात, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या परिषदेत, माझा टॉक झाला, मी मंचावरून उतरले आणि तुम्ही समोर होतात. मागे पुढचा वक्ता लॅपटॉप जोडत होता, लोक बाहेर निघाले होते. माझ्या तोंडून 'थँक यू ताई' याच्यापुढे काही निघालंच नाही. राहिलेलं आज लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. पुण्याच्या पायथन मीटअपला येणाऱ्यांना तसंही कळेल.

तुमच्याकडे आले तेव्हा एका परिषदेनं माझं टॉकचं प्रपोजल परत पाठवलेलं होतं. दोन ओळींचं उत्तर, कारण काही नाही. मला वाटलं, आपलं ज्ञानच तोकडं पडलं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी त्यात आणखी माल भरला. शीर्षक होतं 'पायथन आणि भारतीय भाषा : एक ओळख'. तीस मिनिटांत यूनिकोडचा (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) इतिहास, शब्द तोडणं, यंत्रभाषांतर, आवाज ओळखणं, सगळंच. मीटअप संपला होता, पोरं खुर्च्या उचलत होती. तुम्ही भिंतीला टेकून माझ्या फोनवर ते शेवटपर्यंत वाचलंत आणि विचारलंत, "यातलं तुझं काय आहे? तू स्वतः कुठे अडली होतीस?"

मी जे सांगितलं ते प्रपोजलमध्ये एका ओळीतही नव्हतं.

कराडजवळच्या आमच्या गावात वाचनालय आहे. काका तिथले ग्रंथपाल. त्यांच्यासाठी मी पुस्तकं शोधण्याचा एक छोटा प्रोग्राम केला होता. एक दिवस त्यांचा फोन आला, "अगं, कऱ्हाड टाकलं की निम्मीच पुस्तकं दिसतात. बाकीची गेली कुठे? कपाटात तर आहेत." मी पाहिलं. पडद्यावर दोन्ही नोंदींत 'कऱ्हाड' अक्षर न अक्षर सारखं. दोघांची तुलना केली तर पायथन म्हणतो, सारखे नाहीत. लांबी, म्हणजे आतली चिन्हं, मोजली तर एक शब्द 6 आणि दुसरा 7. तीन रात्री मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले होते.

भानगड त्या अर्ध्या 'र'ची होती. नवीन नोंदी काका फोनवरून करायचे, त्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. जुन्या नोंदी जुन्या फॉन्टमधून यूनिकोडमध्ये उतरवलेल्या, त्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. यूनिकोडला दोन्ही रीती चालतात आणि कागदावर दोन्ही एकसारख्या उमटतात. यूनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकसारखं करणं, चालवलं तरी ते जोडचिन्ह जागचं हलत नाही. उपाय एका ओळीचा निघाला : जुन्या रीतीचा अर्धा 'र' दिसला की त्या जागी नवा घालायचा.

हे सगळं मी चाचरत सांगितलं आणि म्हटलं, "पण ताई, एका ओळीच्या कोडवर कोण टॉक ठेवणार?" त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. "ओळ एक आहे. पण तिथवर पोचायला तुला तीन रात्री लागल्या. समोर बसलेल्यांना त्या तीन रात्री हव्या आहेत, म्हणजे त्यांच्या वाचतील."

आणि मग तुम्ही तुमच्या घरची गोष्ट काढलीत. शाळा पिंपरीत मराठीतून झाली असली तरी घरात मल्याळम. मल्याळममध्ये चिल्लू नावाची अक्षरं आहेत, स्वर नसलेल्या व्यंजनांची. तीही आधी व्यंजन, हलन्त आणि तेच न दिसणारं जोडचिन्ह अशीच लिहायची. 2008 मध्ये यूनिकोड 5.1 आलं आणि चिल्लूंना स्वतंत्र जागा मिळाल्या, पण तोवरचा मजकूर जुन्याच रीतीत राहिला. "आमच्याकडेही शोधताना हाच घोळ," असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या अंगावर काटा आला. मी ज्याला आमच्या गावच्या वाचनालयाचं किरकोळ दुखणं समजत होते, ते केरळातही होतं.

पुढचे पंधरा दिवस तुम्ही माझ्यासाठी वेळ काढलात. नोकरी, घर, मुलीची परीक्षा, सगळं सांभाळून. प्रपोजल तीनदा वाचलंत आणि दर वेळी लाल अक्षरांत एकच गोष्ट विचारलीत : ऐकणारा इथून काय घेऊन जाईल? पहिल्या परिच्छेदातून माझी डिग्री आणि नोकरी तुम्ही उडवलीत, कारण काही परिषदांत पहिल्या फेरीत नाव-गाव झाकून वाचतात आणि तसं नसलं तरी वाचणाऱ्याला आधी दुखणं कळायला हवं. मिनिटांची आखणी करायला लावलीत. पाच मिनिटं काकांचा फोन, आठ मिनिटं 6 आणि 7 चा उलगडा, असं. आधी काय माहीत हवं या रकान्यात मी 'यूनिकोडची चांगली जाण' लिहिलं होतं. ते खोडून तुम्ही विचारलंत, "मग त्यांनी तुझ्याकडे कशाला यायचं?" तिथे आता 'पायथनमधली स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांचा मजकूर) ठाऊक असली की पुरे' असं आहे.

सगळ्यात अवघड होतं ते ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्यांना हे कसं पटवायचं. तोडगा तुम्हीच काढलात. पहिल्या स्लाइडवर दोनच शब्द : 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. खाली अर्थ : गुरुजनांना आणि स्वयंपाक्यांना. आपल्याकडे शाळेत शुद्धलेखन शिकवताना हमखास येणारं उदाहरण, पण तमिळ किंवा कन्नड माणसालाही एका रेषेनं माणूस बदलतो हे तिथल्या तिथे दिसतं.

मुदतीच्या रात्री पावणेअकराला मी शेवटचा मसुदा पाठवला. तुम्ही लगेच फोन केलात आणि शीर्षक मोठ्यानं वाचायला सांगितलंत. वाचता वाचता मलाच ते जड वाटलं. 'सारखे दिसणारे, सारखे नसलेले शब्द' हे शीर्षक त्या फोनवर सुचलं. बारा वाजायला वीस मिनिटं असताना ते गेलं.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा तुम्ही अभिनंदन केलंत आणि त्याच दमात आधी मीटअपमध्ये बोलून बघायला सांगितलंत. तिथे तीस मिनिटांचा टॉक पाऊण तासावर गेला. तुम्ही मागच्या रांगेत घड्याळ घेऊन बसला होतात. सहा स्लाइड गेल्या, दोन्ही आकडे राहिले.

पायकॉन इंडिया 2009 पासून, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत भरलेल्या पहिल्या परिषदेपासून, स्वयंसेवकांच्या बळावर चालत आली आहे हे मला माहीत होतं. 2011 साली ती पुण्यात भरली होती हेही ऐकून होते. पण स्वयंसेवक म्हणजे काय ते मला तुमच्यामुळे कळलं. एका अनोळखी मुलीचा कच्चा मसुदा तिसऱ्यांदा उघडणं, याचा कुठे हिशेब राहत नाही, याचं कुणाला प्रमाणपत्र मिळत नाही. हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. टॉकनंतर एक बंगाली मुलगा भेटायला आला. त्यांच्या खंड 'त'चंही (बंगालीतला स्वर नसलेला 'त') हेच झालं होतं म्हणाला, 2005 साली त्याला वेगळी जागा मिळेपर्यंत. आम्ही दोघांनी जिन्यात बसून त्याच्या लॅपटॉपवर लांबी मोजून पाहिली. दोन वेगळे आकडे आले तेव्हा तो मोठ्यानं ओरडला. तुम्ही तिथे असायला हव्या होतात.

काका बरे आहेत. 'कऱ्हाड' टाकलं की आता सगळी पुस्तकं येतात. त्यांची नवी तक्रार अशी की लेखकांची यादी लावताना 'ळ' मध्येच कुठे 'ल'च्या पाठोपाठ येऊन बसतो, वर्णमालेत तर तो 'ह'नंतर आहे. यूनिकोडमध्ये 'ळ'चा क्रमांक 'ल'च्या लगेच पुढचा आहे, म्हणून साधी क्रमवारी लावली की असं होतं. क्ष आणि ज्ञ यांचं तर आणखीच वेगळं. मी दोन रात्री बसले आहे, अजून पुरतं सुटलेलं नाही. पण कुठे अडले ते या वेळी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. मसुदा अर्धाच आहे, रविवारी मीटअपला छापून आणते. लाल पेन मी आणेन.

तुमची,
कराडची धाकटी बहीण