खरी कविता स्कॉफेलवरच राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावरच्या, कोलरिज आणि शेली या कवींच्या दोन इंग्रजी कवितांवर लेख होता, तो आवडला, पण त्यात कोलरिजला ज्या एका वाक्यात निकालात काढलंय ते पटलं नाही म्हणून लिहायला बसले. शेली तिथं जाऊन आला म्हणून त्याची कविता खरी आणि कोलरिज गेलाच नाही म्हणून त्याची खोटी, इतकं सोपं नाहीये हो ते.

गेला नव्हता हे खरंच. त्याची कविता सप्टेंबर १८०२ मध्ये मॉर्निंग पोस्ट या पेपरात आली, सोबतची टीप अशी की वाचणाऱ्याला वाटावं हा माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी खोऱ्यात उभा राहूनच लिहितोय, आणि त्यात फ्रेडेरिके ब्रुन या कवयित्रीच्या जर्मन कवितेतून बरंच उचललेलं, तिचं नाव मात्र कुठंच नाही. कोलरिज १८३४ मध्ये वारला आणि त्याच वर्षी डी क्विन्सी या इंग्रज लेखकाने हे सगळं उघड केलं. या उचलेगिरीची बाजू मी घेणार नाही. पण त्याच कवितेत हिमनद्यांना तो न हलणारे लोंढे म्हणतो, मुके धबधबे म्हणतो, कड्यावरून कोसळता कोसळता एक प्रचंड आवाज कानावर आला आणि सगळं पाणी होतं तिथंच थिजलं असं ते चित्र आहे, आजही वाचताना अंगावर काटा येतो.

बिघडतं ते पुढं. हे कुणी घडवलं असं तो विचारतो आणि लगेच धबधबे, बर्फ, बर्फाच्या कडेची फुलं, सगळ्यांकडून 'देवाने' असं वदवून घेतो. टीपेत तर विचारतो की या खोऱ्यात कुणी नास्तिक राहूच कसा शकेल! आणि चौदा वर्षांनी त्याच खोऱ्यातल्या हॉटेलच्या रजिस्टरमध्ये शेलीने ग्रीकमध्ये स्वतःपुढे 'नास्तिक' असं लिहिलं.

शेलीचा बर्फ थिजलेला नाही, तो येतोय. भक्ष्यावर डोळा ठेवून सापासारखा सरपटत येतो, पाइनची झाडं मोडून टाकतो, किडेमुंग्या, जनावरं, पाखरं सगळ्यांची घरं गिळतो, आणि माणूस घाबरून पळतो. हे नुसतं कल्पनेतलं नव्हतं, शेली तिथं गेला तो जुलै १८१६, आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटलेला, त्यामुळे युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, आणि त्या काळात तिथल्या हिमनद्या खरोखरच दरीत पुढं पुढं येत होत्या. पृथ्वी शेवटी गोठून जाणार हे बफाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचं म्हणणं शेलीने आपल्या मित्राला, पीकॉकला, तिथूनच पत्रात कळवलं होतं. (आज तिथलीच मेर द ग्लास ही हिमनदी भराभर मागं हटतेय, त्यामुळे त्या ओळी वाचताना वेगळंच काहीतरी होतं.) आणि शेवटी तो डोंगरालाच विचारतो की माणसाच्या मनाला ही शांतता, हा एकांत नुसता रिकामा वाटला असता तर तू तरी काय असतास, आणि ही पृथ्वी, तारे, समुद्र तरी काय असते? तिथंच कविता संपते, उत्तर नाही.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. कोलरिजनेच एका पत्रात लिहिलंय की ही कविता त्याला इंग्लंडमधल्या स्कॉफेल डोंगरावर असताना सुचली, मग वाटलं की एवढे मोठे विचार आपल्या साध्या डोंगरांना शोभत नाहीत, म्हणून त्याने ते उचलून आल्प्सवर नेऊन ठेवले. मला वाटतं चूक झाली ती इथं, न जाण्यात नाही.

कारण १८०२ च्या ऑगस्टमध्ये स्कॉफेलवरून तो वाट सोडून उतरला होता, कपारीला लोंबकळून एकेक टप्पा खाली उडी मारत, पाय लटलट कापतायत, परत वर जाता येत नाही, खाली किती आहे कळत नाही. एका टप्प्यावर पाठ टेकून आडवा झाला, वर कडे आणि त्यावरून वेगाने पळणारे ढग, आणि भीती जाऊन आनंदाने त्याची समाधीच लागली. खाली उतरताना एक मेलेलं, सडलेलं मेंढरू दिसलं. हे सगळं त्याच्या दुसऱ्या एका पत्रात आहे, अगदी धापा टाकत लिहिल्यासारखं. कवितेत ते कापणारे पाय नाहीत, ते मेंढरूही नाही. पुरवणीत कधी जागा झाली तर ते पत्र मराठीत छापाच, ही मनापासून विनंती.

आपली,
एक नियमित वाचक