खोली घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. कोल्हापुरात खोली घेतली, आगाऊ भाडंही दिलं. तळमजला आहे, दवाखाना पाच मिनिटांवर. कॅन्सरच्या रेडिएशनचे 25 पैकी 12 शेक बाकी आहेत आणि तुम्ही गारगोटीहून रोज एसटीनं येता-जाता. वाटेत लघवी लागेल म्हणून पाणी पीत नाही, मग तिथं शेकाआधी मूत्राशय भरेपर्यंत तासभर ताटकळता. आईनं चुगली केली नाही, मलाच कळलं.

लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, 1900 वरून 500 वर आल्या, त्या आकड्याला तुम्ही लाल गोल केलात. माझ्या प्रगतिपुस्तकात गणिताला करायचात तस्साच! पण यात नापास कुणीच नाही. रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचा, म्हणजे हाडांतल्या मगजाचा, मोठा वाटा कमरेच्या हाडांत असतो. तिथल्या गाठींना शेक देताना हाडांनाही थोडा लागतो, आणि या पेशी तर सगळ्यांत नाजूक. शेक संपल्यावरही त्या सावकाश, महिनोन्‌महिने वाढतात. हिमोग्लोबिन 13.1 चं 11.8 झालं, त्यात हार्मोनच्या इंजेक्शनचाही हात आहे. बाकीच्या पांढऱ्या पेशी बऱ्या आहेत, म्हणून डॉक्टर शेक थांबवत नाहीत. तुम्हीही मधेच सोडायचं नाही.

पेशी इतक्या कमी असताना एसटीत शेजारी कोण खोकेल, सांगता येतं का? तुम्ही घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तेव्हा खोली माझ्यासाठीच घेतली म्हणा.

कमोड आहे, पलंग उंच आहे, पेपर दारात येतो. तांबडीची धार वहिनी काढेल, मी बोलले तिच्याशी.

मला कावीळ झाली तेव्हा रात्री कंदिलाशी बसून उसाच्या गंडेऱ्या करून भरवत होतात, आठवतं? ते लाड आता माझ्याकडून घ्या. पण पपईच्या पानांचा रस आजपासून बंद! प्लेटलेट 1,60,000 आहेत, त्याची गरज नाही आणि पोट आधीच बिघडलंय. आई, थर्मामीटर निळ्या ट्रंकेत आहे. ताप 100.4 झाला की परस्पर गोळी द्यायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी आधी फोन. सोमवारचं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, चुकवायचं नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. आई, तुझा बिडाचा तवा घे, इथल्या तव्यावर तुझी भाकरी फुगायची नाही. आणि बाबा, तांबडीला आदल्या रात्री सांगून ठेवा. न सांगता गेलात की ती दूध चोरते.

तुमची,
मनी