भोसरीच्या काकांना मैदानावरून पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही, ही तुमची अट पाळूनच, वस्तीतल्या मुलामुलींना कबड्डी आणि खो-खो शिकवणारे आम्ही हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत. तुम्ही नुसती मदत केली नाहीत, ती कशी करावी हेही दाखवून दिलंत. ते इतर देणगीदारांपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं.

खेळासाठी पैसा येतो तो बहुतेक मार्चमध्ये. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत खेळांचं प्रशिक्षण बसतं, त्यामुळे सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या निधीतून, कंपन्या देतातही. पण वर्षअखेरीच्या घाईत, आणि बहुधा वस्तूंच्या रूपात: टी-शर्ट, चेंडू, ट्रॉफ्या. जूनमध्ये पाऊस लागून मैदानाचा चिखल झाला की हॉलचं भाडं कुठून भरायचं, हा प्रश्न उरतोच. प्रशिक्षकांचं मानधन तर बाराही महिने लागतं. ते दोन महिने थकलं, की चांगला प्रशिक्षक नाइलाजाने दुसरीकडे नोकरी धरतो आणि त्याच्यामागे मुलं गळतात. तुम्ही वर्कशॉप चालवणारे, म्हणून पहिल्याच भेटीत मानधनाचं विचारलंत. तेव्हापासून दर महिन्याच्या ५ तारखेला रक्कम जमा होते, आणि ती अमुक गोष्टीवरच खर्च करा असं तुम्ही कधी म्हटलं नाहीत. हे मोकळेपण फार मोलाचं आहे.

बुटांचंच बघा. आमच्या मुली मातीवर अनवाणी खेळतात आणि त्यात काही बिघडत नाही. पण कबड्डीच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मॅटवर अनवाणी पाय घासला की तळव्याची साल निघते, आणि वळताना पाय अडकून घोटा मुरगळतो. म्हणजे बूट हवेतच. वाढत्या वयात पाय मात्र काही महिन्यांतच एका नंबरने वाढतो. एकदम ४० जोड वाटले, तर वर्षाच्या आत निम्मे तरी घट्ट होतात. दोन नंबर मोठे घेतले तर आत पाय सरकतो, त्यात इजा ठरलेलीच. तुमच्या पैशातून बुटांची पेटी उभी राहिली: ३ ते ८ नंबरचे जोड, जिभेवर आतून मार्करने नंबर टाकलेला. लहान झालेला जोड परत द्यायचा, मोठा न्यायचा. पावसाळ्यात भिजलेले बूट उन्हात ठेवले तर सोलचा डिंक सुटतो, म्हणून आत रद्दी कोंबून सावलीत वाळवतो आणि रद्दी दोनदा बदलतो.

खाऊचाही खर्च तुमच्याकडूनच. संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलाच्या पोटात बऱ्याचदा दुपारनंतर काही गेलेलं नसतं. अशा मुलाला तासभर पळवलं तर चक्कर येणारच. ४० मुलांना सव्वा किलो कोरडे हरभरे पुरतात. रात्री भिजवायचे, सकाळी पाणी पूर्ण काढून पसरट पातेल्यात ठेवायचे. एप्रिल-मे महिन्यांत हे पाणी राहिलं तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो आणि सगळं फेकावं लागतं. सोबत गुळाचा खडा. सराव संपल्यावर एक उकडलेलं अंडं, जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं.

मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गळती तिथेच सर्वांत जास्त. बारा-तेरा वर्षांची मुलगी खेळ सोडते, तेव्हा तिची आवड संपलेली नसते. नळाला पाणी यायची वेळ आणि सरावाची वेळ एकच असते, किंवा धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरं कोणी नसतं. म्हणून वेळापत्रक वस्तीतल्या पाण्याच्या वेळा विचारूनच ठरवायचं, धाकट्या भावंडांना मैदानावर येऊ द्यायचं आणि त्यांच्याकडे बघायला एक ताई ठेवायची. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सराव पावणेपाचलाच सुरू करायचा आणि ताईने मुलींना घरापर्यंत सोडायचं. या ताईचं मानधन कुठल्याच अनुदानाच्या रकान्यात बसत नव्हतं. ते तुम्ही उचललंत, आणि एकेक करून मुली परत येऊ लागल्या.

स्पर्धेची प्रवेश फी किरकोळ असते, खरा खर्च कागदांचा आणि प्रवासाचा. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरमध्ये तिसरी जन्मतारीख, असं निघालं की १४ वर्षांखालच्या गटातून खेळाडू ऐनवेळी बाद होतो. दुरुस्तीसाठी आईला धुण्याभांड्याची कामं सोडून खेटे घालावे लागतात आणि तिचा रोज बुडतो. तो बुडालेला रोज भरून देण्याची कल्पना तुमची, आणि कागद वेळेत होऊ लागले ते त्यामुळेच. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १२ खेळाडू न्यायचे तर प्रशिक्षक आणि ताई धरून १४ जणांची पीएमपी बसची जाता-येता तिकिटं काढावी लागतात. सामने लांबून अंधार पडला तर परतीला रिक्षा करता याव्यात म्हणून थोडी रोकड वेगळी ठेवतो.

जागेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. खो-खोचे नियम १९१४ मध्ये याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. त्या खेळाला दोन खुंट आणि २७ बाय १६ मीटरचं मैदान एवढंच लागतं. पण वस्तीपासून चालत जाता येईल अशी तेवढी मोकळी जागा मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. आहे त्या जागेवर पाळ्या लावून खेळतो. आखणीला चुना बंद केला, कारण तो डोळ्यात गेला तर इजा होते. आता रांगोळी वापरतो.

कबड्डीच्या मॅट जूनपूर्वी घ्यायचं तुम्ही सुचवलंत. १२ बाय ८ मीटरच्या मैदानाला एक मीटर चौरसाच्या ९६ मॅट लागतील, कडेची पट्टी वेगळी. त्या जमिनीवर रचून ठेवल्या तर ओल धरतात आणि उंदीर कडा कुरतडतात. मग सांधे नीट बसत नाहीत आणि फटीत बोट अडकतं. तेव्हा आधी तुमच्या वर्कशॉपमधून जमिनीपासून वीतभर उंच दोन लोखंडी रॅक करून मिळाले तर बरं होईल. मापं सोबत जोडली आहेत. देणगीवरच्या आयकर सवलतीचं प्रमाणपत्र मेअखेर पाठवतो, आणि खर्चाची वही तुम्ही कधीही येऊन बघावी.

तुमचे मनःपूर्वक आभार, काका. काकूंनाही नमस्कार सांगा.

आपले,
मैदानावरचे सर्व प्रशिक्षक आणि ताई
पुणे